पहिल्या हंगामात मैदान सोडू नका: मराठवाड्यातल्या नव्या फुटबॉल पंचांसाठी

पंच परीक्षा पास झालात, जर्सी आली, शिट्टी घेतली आणि आता पहिल्या शालेय स्पर्धेच्या फोनची वाट बघताय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. सतरा नियम तुम्हाला येतात असं धरून चालते. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवर थेट ऑफसाईड होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. लाईनवर उभ्या पालकांना ते ठाऊक नसतं, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आपल्याकडची पोरं नियम येत नाहीत म्हणून पंचगिरी सोडत नाहीत. एकटी पडतात म्हणून सोडतात. माझ्याबरोबर परीक्षा दिलेले बहुतेकजण आता मैदानावर दिसत नाहीत. त्यातले काही माझ्यापेक्षा जोरात धावायचे, काहींची नजर माझ्यापेक्षा पक्की होती. पहिल्या हंगामात मोठ्या माणसांनी भर मैदानात आरडाओरडा केला, बाजूला उभं राहायला कुणी नव्हतं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी फोनच उचलला नाही. मीही त्याच वाटेवर होते. परभणीत एका ज्येष्ठ पंचांनी मला धरून ठेवलं. त्यांच्याबद्दल पुढे येईल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे तुम्हाला शिव्या का पडतात ते कळेल. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात होता. त्याआधी तीन आठवडे, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ राबवून शाळाशाळांत फुटबॉल पोचवले. ज्या शाळांत तोवर फक्त कबड्डी आणि खो-खो होता, तिथंही चेंडू आला. चेंडू आला तसा पंच आला नाही. दुसरं म्हणजे, आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. बीडच्या किंवा हिंगोलीच्या एखाद्या बापाला लाईनवर उभं राहून फक्त मॅच दिसत नाही, पोराची मार्कशीट दिसते. तुमच्या एका पेनल्टीनं त्याचा विभागीय स्पर्धेचा रस्ता बंद होतो. त्याची ओरड तुमच्या तोंडाकडं बघून नसते. हे कळलं की ती कमी लागते. पण ऐकून घ्यायलाच पाहिजे असं मात्र अजिबात नाही.

मैदानावर किमान पाऊण तास आधी पोचा. फक्की मारलेली असते तिथं पेनल्टी एरिया बऱ्याचदा अंदाजानं आखलेला असतो. ११ मीटरचा पेनल्टी स्पॉट स्वतःच्या पावलांनी मोजून बघा. घरी टेप घेऊन आपलं पाऊल किती पडतं ते एकदा ठरवून ठेवा, जन्मभर कामाला येतं. गोलपोस्ट हलवता येणारा लोखंडी असेल तर तो मागून बांधलाय किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलाय का, हे हातानं हलवून बघितल्याशिवाय मॅच सुरू करायची नाही. लहान पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात. सैल पोस्ट अंगावर पडला तर जीव जातो. आयोजक म्हणतील, दरवर्षी असाच असतो. असू द्या.

खेळाडूंच्या अंगावरचे दागिने नियम ४ प्रमाणे काढावेच लागतात, त्यावर पट्टी चिकटवून चालत नाही. कानातले, अंगठी, रबर बँड, सगळं आलं. आपल्याकडं गंडा, ताईत, कडं असतं. हे मैदानात उभं राहून पोराला ओरडून सांगू नका. आधी क्रीडाशिक्षकाला बाजूला घ्या आणि त्यांच्याकडून सांगवा, पोराचा आणि त्याच्या घरच्यांचा मान राहतो. पटका आणि हिजाबला मात्र परवानगी आहे, २०१४ पासून आहे. रंग काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा हवा आणि कापड धोकादायक पद्धतीनं बांधलेलं नको, एवढंच. नांदेड आणि संभाजीनगरच्या स्पर्धांत हा प्रश्न नेहमी येतो आणि अर्धवट माहितीचा पंच एखाद्या मुलीला विनाकारण बाहेर बसवतो. तसं तुमच्या हातून होऊ देऊ नका.

शिट्टी आत गोळी नसलेली घ्या. शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्यात येतात आणि गोळीच्या शिट्टीत पाणी-चिखल गेला की ऐन वेळी नुसती हवा निघते. फॉक्स ४० सारखी घ्या, आणि दुसरी खिशात ठेवा.

आता टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी मारायच्या पेनल्टी किका. इथं मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मी स्वतः यात सापडले आणि या विषयावर मला आधी कुणीही नीट सांगितलं नव्हतं. शिबिरात ऑफसाईडवर दोन तास बोलतात, टायब्रेकरवर पाच मिनिटं. आणि आपल्या शालेय स्पर्धा नॉकआउट असतात, एका दिवसात उरकायच्या असतात, चिखलात गोल होत नाहीत. म्हणजे टायब्रेकर तुमच्या वाट्याला येणारच.

चौदा वर्षांखालच्या मुलांची सेमीफायनल होती. सकाळी आयोजकांनी तोंडी सांगितलं, “मॅडम, लहान लेकरं आहेत, रोलिंग ठेवा.” म्हणजे बदललेला खेळाडू परत आत येऊ शकतो. लहान गटात स्पर्धेनं तसं ठरवलं तर नियमांत ते बसतं. मॅच ०-० सुटली. मी शेवटची शिट्टी मारली आणि दोन्ही बाकांवरची पोरं पाण्याच्या बाटल्या घेऊन आत धावली. बाकावरच्यांनी जर्सीवर घातलेले बिब निघाले, जर्सी सगळ्यांच्या सारख्या. दोन मिनिटांत मधल्या वर्तुळाजवळ तीसेक पोरं झाली. एका संघानं पाचव्या किकला एक उंच मुलगा पाठवला. त्यानं कोपऱ्यात गोल मारला आणि ते जिंकले. समोरचे सर धावत आले, “हा तर शेवटी बाहेर होता!” खरंच होता. शिट्टीच्या थोडं आधी तो बाहेर बसला होता. पण लिहिलेलं काही नव्हतं, फोर्थ ऑफिशियल नव्हता, लाईनवर दोन्ही शाळांची पोरं झेंडे घेऊन उभी होती. कोण आत होतं हे सांगणारी पन्नास माणसं होती आणि प्रत्येकाचं वेगळं. शेवटी निकाल आयोजकांनी टेबलावर बसून लावला. दोन्ही शाळा माझ्यावर चिडून गेल्या.

नियम १० नीट वाचा. शेवटची शिट्टी झाली तेव्हा जे मैदानात होते, किंवा दुखापत, बूट नीट करणं अशा कारणानं तात्पुरते बाहेर होते, तेच किक मारू शकतात. बाकावरचा नाही, मग तो कितीही चांगली किक मारत असो. अपवाद एकच. गोलकीपर पुढे खेळूच शकत नसेल आणि संघाचे बदल शिल्लक असतील, तर नावं दिलेल्या बदली खेळाडूंपैकी एक येऊ शकतो. रोलिंगमध्ये खेळाडू सतत आत-बाहेर होतात, म्हणून ‘शिट्टीच्या क्षणी कोण होतं’ हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. हुशार प्रशिक्षक याचा फायदा घेतात. काही जाणूनबुजून घेतात, बहुतेकांना नियम माहीतच नसतो.

आता मी काय करते ते सांगते, तसंच करा. सकाळी आयोजकांसमोर बसून कागदावर लिहून घ्यायचं: हाफ किती मिनिटांचा, रोलिंग आहे की नाही, बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट टायब्रेकर, किका तीन की पाच. खाली त्यांची सही. सही मागायला संकोच वाटतो, मला अजूनही वाटतो, पण सही झाली की दुपारी कुणाची भाषा बदलत नाही. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना तोच कागद दाखवायचा.

मॅच चालू असताना प्रत्येक बदल कार्डाच्या मागं लिहायचा: मिनिट, बाहेर गेलेला नंबर, आत आलेला नंबर. रोलिंग असलं तरी खेळ थांबल्याशिवाय आणि तुम्ही हात केल्याशिवाय कुणी आत येणार नाही, हे टॉसलाच दोन्ही कॅप्टनना सांगून ठेवा. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि स्कोअर बरोबरीत असला, तर बाकाकडं डोळा ठेवा.

शेवटची शिट्टी मारताच हात वर करा आणि दोन्ही बाकांना मोठ्यानं सांगा: कुणीही रेषा ओलांडायची नाही. पाणी रेषेवर येऊन प्या. मैदानातली अकरा-अकरा पोरं मधल्या वर्तुळात पाठवा. मग चालत जाऊन एकेकाच्या छातीवरचा नंबर बघून लिहा. घाई करू नका, लोक ओरडतील, ओरडू द्या. दोन्ही कॅप्टनना यादी दाखवा. एका संघात रेड कार्डमुळं दहाच असतील तर दुसऱ्या संघानंही एक खेळाडू कमी करायचा, आणि तो कोण हे आत्ताच सांगायचं. मग पहिला टॉस कोणत्या गोलवर किका मारायच्या यासाठी, दुसरा टॉस जिंकणारा आधी मारायचं की नंतर ते ठरवतो. किका मारायचा क्रम पंचाला लिहून द्यावा लागत नाही. आपल्याकडं कित्येक आयोजक पाच नावांची यादी मागतात आणि मग सहाव्या किकला गोंधळ होतो. यादी मागू नका. तुम्ही लिहिलेल्या नंबरांपैकी प्रत्येकाची एक किक झाल्याशिवाय कुणाचीही दुसरी होत नाही, एवढं लक्षात ठेवा, आणि मारून झालेल्या नंबरवर काट मारत चला. किक मारणारा आणि दोन्ही गोलकीपर सोडून सगळे वर्तुळातच. ज्याच्या संघाची किक आहे तो गोलकीपर गोललाईन आणि पेनल्टी एरियाची रेषा जिथं मिळते तिथं उभा राहील, गोलमागं मित्रांत जाऊन नाही.

अजून एक. मॅचमधली ताकीद टायब्रेकरमध्ये पुढे येत नाही, २०२२ पासून असं आहे. मॅचमध्ये यलो मिळालेल्या पोराला टायब्रेकरमध्ये परत यलो मिळाला तर तो दोन यलोचा रेड होत नाही. मी हा घोळ मोठ्या पंचांना घालताना बघितलंय.

एवढं लांबण लावलं कारण मॅचमधला चुकलेला ऑफसाईड लोक संध्याकाळपर्यंत विसरतात. टायब्रेकरचा घोळ वर्षभर विसरत नाहीत, आणि दोष एकट्या पंचावर येतो.

बाकावरच्या मोठ्या माणसांबद्दल. २०१९ पासून प्रशिक्षकालाही यलो आणि रेड दाखवता येतं. कोण ओरडलं ते कळलं नाही तर बाकावरच्या सर्वात वरिष्ठ प्रशिक्षकाला दाखवता येतं. वीस वर्षांच्या मुलानं पन्नाशीच्या सरांना कार्ड दाखवायचं, कदाचित त्याच सरांनी त्याला शाळेत शिकवलेलं असतं. अवघड आहे, मला माहीत आहे. म्हणून पायऱ्या ठेवा. पहिल्यांदा खेळ थांबला की जवळ जाऊन हळू आवाजात, “सर, एवढं पुरे.” दुसऱ्यांदा सगळ्यांना दिसेल असं. तिसऱ्यांदा कार्ड, आणि कार्ड दाखवल्यावर चर्चा नाही. ‘सर’ म्हणणं शेवटपर्यंत सोडू नका, आवाज चढवू नका, आणि पायरीही चुकवू नका. पोरांपैकी फक्त कॅप्टननं येऊन बोलायचं, ही पद्धत टॉसलाच सांगून ठेवा. लहान गटात ती फार छान चालते.

प्रेक्षकांना कार्ड नाही. तिथं खेळ थांबवा, चेंडू हातात घ्या, आयोजकांना बोलवा आणि म्हणा, ही माणसं लांब गेल्याशिवाय सुरू करणार नाही. नियम ५ तुम्हाला मॅच थांबवायचा, तहकूब करायचा, पूर्ण बंद करायचाही अधिकार देतो. कुणी अंगावर हात टाकला तर मॅच तिथंच संपली. त्यावर विचार करत बसू नका, जर्सी खेचणं हेही अंगावर हात टाकणंच आहे.

तुमचं वय अठराच्या आत असेल तर तुम्ही स्वतः अजून लेकरू आहात, हे तुम्हीही विसरू नका आणि आयोजकांनाही विसरू देऊ नका. इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी अठराखालच्या रेफ्रीच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी असते, म्हणजे समोरच्याला कळतं की आपण एका मुलाशी बोलतोय. आपल्याकडं तसं काही नाही. मला मनापासून वाटतं की आपल्या जिल्ह्यांनी ते सुरू करावं, दहा रुपयांच्या कापडाचं काम आहे. तोवर घरचं एक माणूस बरोबर न्या. मुलींनी तर नक्कीच. मॅच किती वाजता संपणार, परतीची एसटी कधी आहे, कपडे बदलायला खोली आहे का आणि आतून कडी लागते का, हे फोनवरच विचारून घ्या. विचारलं म्हणून पुढच्या वेळी बोलावलं नाही, असं माझ्याबाबतीत झालंय. अशा ठिकाणी गेले नाही याचं मला वाईट वाटत नाही. आणि खेळणाऱ्या मुलामुलींशी मैदानाबाहेर एकट्यानं बोलणं, खासगी मेसेज, हे पूर्ण टाळा. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

आता मार्गदर्शक. माझं मत स्पष्ट आहे: हाफटाइमला चारचौघांत येऊन “ती पेनल्टी होती” म्हणणारा माणूस मार्गदर्शक नाही, कितीही मोठ्या मॅचेस केलेला असो. मला ज्यांनी धरून ठेवलं ते ज्येष्ठ पंच पूर्ण मॅच झाडाखाली उभे राहायचे, मॅचनंतर चहा पाजायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे, “ती किक देताना तू कुठं उभी होतीस?” निर्णय बरोबर की चूक यावर ते बोलायचेच नाहीत. त्या प्रश्नानं मला जागा घ्यायला शिकवलं. लाईनला शाळेची पोरं असतात तेव्हा चेंडू बाहेर गेला एवढंच त्यांच्यावर सोडायचं, ऑफसाईड स्वतः बघायचा आणि त्यासाठी थोडं बाजूला सरकून पळायचं, हे मी त्या चहावर शिकले. असा एक माणूस शोधा. नाही सापडला तर तुमच्याच वयाचे दोघंतिघं मिळून एकमेकांच्या मॅचेस बघायला जा. कुणीतरी आपलं लाईनबाहेर उभं आहे, एवढ्यानंच शिट्टी नीट वाजते.

दोन दिवसांचं शिबिर, ग्रुप फोटो आणि हातात प्रमाणपत्र, यानं पंच होत नाही. रील बघूनही होत नाही. रीलमध्ये सहा कॅमेरे असतात, तुमच्याकडं दोन डोळे. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इफॅब या संस्थेचं नियमांचं पुस्तक फुकट मिळतं, दर १ जुलैला बदल लागू होतात, ते वाचा. २०२५-२६ पासून गोलकीपरनं चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. अजूनही बाकावरून ‘सहा सेकंद, फ्री किक’ ऐकू येईल. आणि एखाद्या पदाधिकाऱ्याची बॅग उचलून वर जाता येतं असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. जिल्हा, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे राज्याची संघटना, मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, वाट हीच आहे आणि लांब आहे. फिफाचा रेफ्री व्हायला किमान २५ वर्षं, असिस्टंटला २३ वर्षं वय लागतं, म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे. २००२ च्या विश्वचषकात आपले के. शंकर असिस्टंट रेफ्री होते. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात होत्या. दोघांनीही झेंडा हातात घेऊन नाव काढलं. लाईनचं काम कमी दर्जाचं समजू नका, पहिल्या हंगामात तेच मागून घ्या.

पळायची तयारी वेगळी करा. ७५ मीटर धाव आणि २५ मीटर चाल, असा सराव मैदानाच्या फेऱ्यांत बसवा. जूनमध्ये काळ्या मातीत पळून बघा, बुटाला दोन-दोन किलो चिखल लागतो आणि उन्हाळ्यातला सगळा दम निघून जातो. उन्हाळी स्पर्धेत मुलांना पाण्यासाठी थांबवायला कुणाला विचारत बसू नका, सकाळच्या कागदात तेही लिहून घ्या. आणि वीज. आपल्या भागात विजेनं माणसं आणि जनावरं दरवर्षी मरतात. मोकळं मैदान, लोखंडी पोस्ट. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना पक्क्या इमारतीत घाला, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर काढू नका. फायनल असली तरी.

मानधन उशिरा मिळतं, कधी कधी मागावं लागतं. लाजू नका, मागा. ते तुमच्या कामाचे पैसे आहेत.

रेड कार्ड, मारामारी, शिवीगाळ, काहीही झालं असेल तर अहवाल त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात आणि आठवण मऊ पडते. साध्या मराठीत लिहा: कितवं मिनिट, कुणाचा नंबर, मी किती अंतरावर होते, काय दिसलं, काय ऐकलं. शिवी दिली असेल तर ‘अपशब्द वापरले’ असं लिहू नका, जशी दिली तशी लिहा, लाज तुमची नाही. आपला अंदाज आणि राग त्यात घालू नका. एक प्रत आयोजकांना, एक जिल्हा संघटनेला, एक स्वतःच्या फाईलला, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या.